जेम्स मॅकमिलन: आधी कॉयर, मग अल्बर्ट हॉल

वसईच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो चर्चच्या कॉयरसाठी म्हणजे गायकवृंदासाठी ऑर्गन वाजवतो, स्वतः चाली बांधतो. राणी एलिझाबेथच्या अंत्यविधीचं चित्रण पाहताना त्याला जेम्स मॅकमिलन हे नाव दिसलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'हा माणूस हयात आहे आणि क्लासिकल संगीत लिहून जगतो, हे जमतं कसं? त्यांचं आयुष्य आणि काम समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू? आणि छान सूर चाललेले असताना मधेच एवढा गोंगाट का होतो?'

तिसऱ्या प्रश्नाला मी मनापासून हसलो, कारण कॉयरच्या पहिल्याच वर्षी हाच प्रश्न मी शेजारच्या बास, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाच्या, गायकाला विचारला होता. मीही मूळचा वसईचाच. बावीस वर्षं स्कॉटलंडमध्ये हौशी कॉयरमध्ये गायलो आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं एका छोट्या चर्चचं कॉयर चालवलं. मी संगीतशास्त्राचा अभ्यासक नाही. पण मॅकमिलन यांच्या डझनभर रचना माझ्या गळ्यातून गेल्या आहेत. तेव्हा जे सांगतो ते गळ्याच्या बाजूनं, हे धरून चाला.

त्यांच्यावरचा बहुतेक मजकूर १९९० मधल्या एका गाजलेल्या संध्याकाळपासून सुरू होतो. मी तिथून सुरू करणार नाही, कारण त्यामुळे उलटा समज होतो. आधी मोठ्या सभागृहात नाव झालं आणि मग सवड मिळाली म्हणून चर्चसाठी चार स्तोत्रं लिहिली, असं वाटतं. प्रत्यक्षात चर्चचं कॉयर आधीपासून होतं, सभागृह नंतर आलं, आणि सभागृहात जे वाजलं त्याचा बराचसा माल कॉयरमधूनच आला होता.

जन्म १६ जुलै १९५९, स्कॉटलंडच्या एअरशर भागातल्या किलविनिंगचा. वाढले कमनॉकमध्ये. ग्लासगोच्या दक्षिणेचं हे गाव कोळशाच्या खाणींवर जगणारं. मजूर चळवळीचे पुढारी कीअर हार्डी याच गावात राहायचे. मॅकमिलन यांचे आजोबा, आईचे वडील जॉर्ज लॉय, जन्मभर खाणीत राबले. खाणकामगारांच्या ब्रास बँडमध्ये ते युफोनियम वाजवायचे आणि रविवारी कॉयरमध्ये गायचे. नातवाच्या हातात पहिलं कॉर्नेट त्यांनीच दिलं. हे वाचल्यावर मला आमच्या गावातले, लग्नाच्या बँडमध्ये वाजवून रविवारी मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, कॉयरच्या मागच्या रांगेत उभे राहणारे काका आठवले. संगीत ही वेगळी, उच्च वगैरे गोष्ट आहे असं अशा घरातल्या मुलाला वाटतच नाही. शिफ्ट संपली की करायचं ते काम, एवढंच.

शाळेत त्यांच्या हाती रेकॉर्डर म्हणजे साधी बासरी आली आणि ते लगेच सूर कागदावर लिहायला लागले. कमनॉकच्या शाळेतल्या संगीतशिक्षकांनी मुलांकडून पॅलेस्ट्रिना, बर्ड यांच्या सोळाव्या शतकातल्या रचना गाऊन घेतल्या. खाणगावातली मुलं चार आवाजांत लॅटिन गात होती. १९७७ साली, अठराव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी 'मिस्सा ब्रेव्हिस' लिहिली. ती तीस वर्षांनी बाहेर आली, गायली गेली, आणि आजही कॉयर ती हौसेनं गातात. पुढे एडिंबरा विद्यापीठात केनेथ लाइटन यांच्याकडे शिकले. लाइटन स्वतः चर्चसंगीताचे जबरदस्त रचनाकार, प्रतिस्वराच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक चाली गुंफण्याच्या, बाबतीत कडक. त्यानंतर डरॅम विद्यापीठात जॉन कॅस्केन यांच्या हाताखाली १९८७ मध्ये डॉक्टरेट. कॅस्केन वॉर्सामध्ये शिकलेले, त्यामुळे लुटोस्लाव्स्की आणि त्या पिढीचं पोलिश संगीत मॅकमिलन यांच्यापर्यंत पोचलं. मधे थोडा काळ मँचेस्टर विद्यापीठात शिकवलं आणि मग स्कॉटलंडला परतले.

याच वर्षांतल्या दोन गोष्टी चरित्रांमध्ये तळटिपेसारख्या येतात. माझ्या मते बाकीचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली म्हणजे लोकसंगीत. विलियम साउटर नावाचा पर्थचा कवी होता. आजारपणामुळे आयुष्याची शेवटची तेरा-चौदा वर्षं तो अंथरुणाला खिळून होता आणि १९४३ मध्ये गेला. त्याची स्कॉट्स बोलीतली 'द ट्रिस्ट' नावाची कविता मॅकमिलन यांनी विशीत असताना एका साध्या, गावरान चालीत बांधली. तेव्हा ते एका लोकसंगीताच्या गटात वाजवायचे. ही चाल त्यांनी पुढे सोडलीच नाही. व्हायोलिन-पियानोच्या तुकड्यात ती आली, १९८९ मधल्या 'ट्रिस्ट' या वाद्यवृंदाच्या रचनेत आली, इतर ठिकाणीही डोकावत राहिली. आपल्याकडे एखादी जुनी बंदिश गवयाच्या सोबत जन्मभर चालते, तसंच काहीसं.

दुसरी म्हणजे राजकारण. चौदाव्या वर्षी ते यंग कम्युनिस्ट लीगमध्ये गेले होते. पुढे डावा विचार आणि कॅथलिक श्रद्धा यांची सांगड घालणारं लॅटिन अमेरिकेतलं मुक्तीचं धर्मचिंतन त्यांना जवळचं वाटलं. १९८८ च्या 'बुस्केदा'मध्ये अर्जेंटिनात लष्करानं गायब केलेल्या मुलांच्या आयांच्या कविता आणि लॅटिन मिस्साचे शब्द एकमेकांत विणलेत. १९८९ च्या 'कांतोस साग्रादोस'मध्येही हेच तंत्र आहे. त्याच्या शेवटच्या भागात गोळ्या घालायला उभा केलेला कैदी आणि त्याची क्षमा मागणारा शिपाई आहे. आम्ही हे गायलो तेव्हा तालमीत दोनदा थांबावं लागलं. सुरात चूक नव्हती, एका आल्टोला, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बाईला, पुढे गाववेना.

आता ती गाजलेली संध्याकाळ. प्रॉम्स म्हणजे लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये उन्हाळ्यात आठ आठवडे चालणारा संगीत महोत्सव. उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं असतात आणि सगळं बीबीसी रेडिओवर थेट जातं. २२ ऑगस्ट १९९० ला बीबीसी स्कॉटिश सिंफनी ऑर्केस्ट्रानं तिथे 'द कन्फेशन ऑफ इझोबेल गाउडी' वाजवलं. संचालक होते पोलंडचे येझी माक्सिमियुक. रचनाकार एकतीस वर्षांचा. संपल्यावर टाळ्या थांबेनात. नव्या संगीताला लोक फार तर सभ्यपणे टाळ्या देतात, त्या काळात हे घडलं.

इझोबेल गाउडी ही नेर्नजवळच्या ऑल्डर्न गावची बाई. १६६२ मध्ये तिनं चेटूक केल्याची जबानी दिली. सैतानाशी भेटी, रूप बदलणं, सगळं तपशीलवार. तिला शिक्षा काय झाली याची नोंद मिळत नाही, पण त्या काळात अशा बायकांना गळा आवळून जाळत असत. मॅकमिलन यांची भूमिका अशी की तिला कधी मिळालं नाही ते मृतांसाठीचं प्रार्थनागीत आपण लिहितोय.

रचना तार-वाद्यांनी सुरू होते, अगदी हळू. त्यात जुनी लॅटिन पठणाची चाल आहे, स्कॉटिश विलापाची वळणं आहेत, आणि हे सगळं एकमेकांवर असं पसरलेलं की कुठलाच धागा वेगळा हाताला लागत नाही. मग जमाव येतो. ब्रास आणि तालवाद्यं तुटून पडतात, एकच जीवघेणा स्वरसमूह हातोड्यासारखा पुन्हा पुन्हा आदळतो. तुमच्या 'गोंगाट का?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मॅकमिलन यांच्याकडे कोलाहल बहुधा कशावर तरी हल्ला करायला येतो, आणि ज्याच्यावर हल्ला होतो ती एखादी जुनी, साधी चाल असते. कोलाहलाच्या खाली कान लावला तर ती तेव्हाही चालूच असते. शेवटी सगळा वाद्यवृंद एका 'सी'वर येतो, फक्त एक सूर, ऐकू येईल न येईल इथून असह्य होईपर्यंत वाढत जाणारा. तिथेच रचना संपते. प्रत्यक्ष सभागृहात हे ऐकताना छातीच्या पिंजऱ्याला हादरा बसतो. फोनच्या स्पीकरवर कृपा करून ऐकू नका.

'जगतात कसे?' याचं उत्तर आता देतो, कारण त्याशिवाय पुढची रचना एवढी का चालली हे कळणार नाही. ब्रिटनमध्ये असा रचनाकार चार-पाच झऱ्यांवर जगतो. कुणीतरी रचना लिहून मागतं आणि त्याचं मानधन देतं. ऑर्केस्ट्रा, महोत्सव, बीबीसी, चर्च, कधी एखादी कंपनी. वाद्यवृंदाच्या नोटेशनचे संच प्रकाशक सहसा विकत नाही, भाड्यानं देतो, आणि प्रत्येक प्रयोगाला भाडं येतं. मॅकमिलन यांचे प्रकाशक बूझी अँड हॉक्स, या धंद्यातलं मोठं नाव. जाहीर प्रयोग आणि प्रक्षेपणाचं स्वामित्वधन पीआरएस ही संस्था गोळा करून वाटते. शिवाय शिकवणं आणि वाद्यवृंदाचं संचालन. मॅकमिलन २००० पासून २००९ पर्यंत बीबीसी फिलहार्मोनिकचे रचनाकार-संचालक होते. आता यात गोम अशी: पहिल्या प्रयोगाचे पैसे एकदाच मिळतात. खरा आधार मिळतो तो दुसऱ्या, दहाव्या, शंभराव्या प्रयोगानं. आणि बहुतेक नव्या रचनांचा पहिला प्रयोग हाच शेवटचा ठरतो.

याला अपवाद 'वेनी, वेनी, इमॅन्युएल', एकल तालवाद्य-वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. तिचे पाचशेहून अधिक प्रयोग झाले आहेत. पहिल्या वादक होत्या एव्हलिन ग्लेनी. ॲबर्डीनशरच्या शेतकरी घरातल्या, लहानपणीच ऐकू येणं जवळपास गेलेल्या, अनवाणी पायांनी आणि अंगभर कंपन टिपत वाजवणाऱ्या. १० ऑगस्ट १९९२ ला प्रॉम्समध्येच पहिला प्रयोग झाला, स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्रासोबत, संचालक युका-पेक्का सारास्ते. पाचशे प्रयोगांमागे गुणवत्ता आहेच, पण हिशेबही आहे. वाद्यवृंद लहान लागतो. लांबी पंचवीसेक मिनिटं, म्हणजे मध्यंतराआधी नीट बसते. आणि एकच वादक रंगमंचभर धावत डझनावारी वाद्यं वाजवतो, त्यामुळे संगीत 'कळत नाही' म्हणणाराही डोळे हलवत नाही. त्या वेळी जगभर तालवाद्यांचे एकल वादक तयार होत होते आणि त्यांना वाजवायला मोठं असं फारसं काही नव्हतं.

पण माल कुठला? आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, आपण गातो ते इमॅन्युएलचं स्तोत्र. चाल पंधराव्या शतकातल्या फ्रान्समधली. मॅकमिलन यांनी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, १९९१ मध्ये, लिहायला घेतलं आणि १९९२ च्या ईस्टरच्या रविवारी संपवलं. मधला सगळा काळ रचनेतही आहे. रचनेतले जवळजवळ सगळे सूर त्या एका चालीतून काढलेत, पण चाल सरळ ऐकू येत नाही. आधी हृदयाचे ठोके, मग तुटक्या तुटक्या सुरांचे नाच. अगदी मधोमध 'गाउदे' म्हणजे 'आनंद करा' या शब्दांचे चार स्वरसमूह वाद्यवृंद हळूच धरून ठेवतो आणि त्यावर मरिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, एकटीच बोलत राहते. चाल पूर्ण, ठसठशीत, वाद्यवृंदाच्या तोंडी येते ती जवळजवळ शेवटी. मग वादक मागच्या बाजूला चढून नळीच्या घंटांकडे जातो, वाद्यवृंदातले सगळे आपापली वाद्यं ठेवून छोट्या घंटा हातात घेतात. आगमनकाळात सुरू झालेली गोष्ट ईस्टरच्या घंटांवर संपते. शेवटचा नाद विरेपर्यंत संचालकानं हात खाली घ्यायचा नसतो. एका प्रयोगाला मी प्रेक्षकांत होतो, तेव्हा कुणीतरी घाईनं टाळी वाजवली आणि दोन हजार माणसांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

'सेव्हन लास्ट वर्ड्स फ्रॉम द क्रॉस', म्हणजे येशूनं क्रूसावरून उच्चारलेली शेवटची सात वचनं, मी स्वतः तीनदा गायलो आहे. १९९३ मध्ये बीबीसी टेलिव्हिजनसाठी लिहिलं आणि १९९४ च्या पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, रोज रात्री एक असं सात भागांत दाखवलं. कॉयर आणि तार-वाद्यं, बस्स. तिसऱ्या शब्दाचं सांगतो. शब्द आहेत शेजारच्या क्रूसावरच्या चोराला येशूनं दिलेल्या वचनाचे: 'आज तू माझ्यासोबत सुखलोकात असशील.' पण बराच वेळ ते शब्द येतच नाहीत. त्याऐवजी गुड फ्रायडेच्या विधीत क्रूस उघडा करताना तीनदा म्हणतात ते लॅटिन वाक्य येतं, आधी बासकडून, मग टेनर, मग आल्टो, दर वेळी वरच्या पट्टीत. चर्चमध्ये फादर दर वेळी सूर चढवतात अगदी तसं. ते ज्यानं लहानपणी गुडघ्यावर बसून ऐकलंय त्याला हे नुसतं तंत्र म्हणून ऐकता येत नाही. आणि वचनाचे शब्द राहतात ते शेवटी फक्त सोप्रानोंसाठी, सगळ्यात उंच, व्हायोलिनही तिथेच वर. आम्ही बास लोक तेव्हा गप्प बसून ऐकायचो. सातव्या शब्दात कॉयर आधी थांबतं आणि पुढची काही मिनिटं तार-वाद्यं नुसते उसासे टाकतात, मधल्या शांतता लांबत जातात. त्या वेळी पानही उलटायचं नाही, असं आमचे संचालक बजावायचे.

त्या उसाशांमधल्या छोट्या सुरांवरून मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो. मॅकमिलन यांच्या नोटेशनमध्ये मोठ्या सुराला चिकटलेले बारके सूर जिकडेतिकडे असतात. माझा कान हार्मोनियम-तबल्याच्या भजनांवर वाढलेला. मी त्यांची झकास मुरकी केली. संचालकांनी थांबवलं. म्हणाले, बॅगपाइपमध्ये हवा अखंड चालू असते, वादकाला मधे थांबताच येत नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तर मधे दुसऱ्या सुराचा चिमटा काढावाच लागतो. हा तो चिमटा आहे, लाड नाही. तेव्हापासून मी ते बारके सूर कोरडे, झटक्यात आणि पुढच्या सुरावर वजन टाकून गायला शिकलो. रचना एकदम रडायला लागली.

दुसरा स्रोत याहून मजेचा. पश्चिमेच्या बेटांवर, विशेषतः लुईस बेटावर, प्रोटेस्टंट चर्चमध्ये गेलिक भाषेत स्तोत्रं गातात. एक जण ओळ सांगतो आणि मग सगळी मंडळी ती उचलतात, पण एका सुरात नाही. प्रत्येक जण आपल्या वेगानं, आपल्या वळणांनी तीच चाल गातो आणि चर्चभर लाटा उठतात. कीर्तनात टाळकऱ्यांनी धृपद झेललेलं ऐकलं असेल तर अंदाज येईल, फक्त इथे ताल नाही आणि वाद्यही नाही. कॅथलिक मॅकमिलन यांनी प्रोटेस्टंटांची ही रीत इतकी आत्मसात केली की त्यांच्या तार-वाद्यांची ती जणू सहीच झाली. गाउडीची सुरुवात पुन्हा ऐका. तिथे हेच चाललंय.

स्कॉटलंडमध्ये या दोन पंथांचं नातं किती कडू होतं, हे बाहेरच्याला पटकन समजत नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये एडिंबरा महोत्सवात मॅकमिलन यांनी 'स्कॉटलंड्स शेम' हे भाषण दिलं. कॅथलिकांविरुद्धचा आकस या देशात नोकरीपासून फुटबॉलपर्यंत मुरलेला आहे आणि सुशिक्षित समाज त्याकडे काणाडोळा करतो, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. गदारोळ झाला. वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने चर्चा, पुढच्याच वर्षी त्यावर निबंधांचं पुस्तक. काहींनी अतिशयोक्ती म्हटलं, काहींनी हा आमचाच अनुभव आहे म्हटलं. मी स्वतः दोन्ही प्रकारच्या माणसांशेजारी उभा राहून गायलोय. माझं मत: आकडे आणि प्रमाण यावर वाद होऊ शकतो, पण बोलायला नको होतं असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुढे मॅकमिलन डाव्या चळवळीपासून बरेच दूर गेले, स्कॉटिश स्वातंत्र्यवादावरही टीका करत राहिले. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. सगळं संगीतही आवडतं असं नाही. काही मोठ्या वाद्यवृंदरचनांमध्ये तोच आघात, तोच चढ इतक्यांदा येतो की मी घड्याळ पाहिलंय.

नव्वदच्या दशकानंतरची यादी लांब आहे, भराभर सांगतो. १९९५ ते १९९७ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी पवित्र सप्ताहातल्या तीन दिवसांवरची तीन मोठी कामं, त्यातला चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल चेलो आणि वाद्यवृंद यांची रचना, नामवंत चेलोवादक रोस्त्रोपोविच यांच्यासाठी. डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९६ मध्ये 'अ चाइल्ड्स प्रेयर', दोन मुलांचे एकल आवाज आणि मागे कुजबुजणारं कॉयर. ऑपेरा, त्यांतला 'द सॅक्रिफाइस' २००७ मध्ये वेल्श नॅशनल ऑपेरानं केला. २००८ मध्ये सर कॉलिन डेव्हिस यांच्या संचालनाखाली 'सेंट जॉन पॅशन'. पाच सिंफनी. २०१६ चं 'स्ताबात मातेर', जे 'द सिक्स्टीन' या कॉयरनं २०१८ मध्ये व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमध्ये गायलं. २०१५ मध्ये सर ही पदवी. आणि १९ सप्टेंबर २०२२ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत राणीच्या अंत्यविधीसाठी लिहिलेलं, तुम्ही ऐकलेलं गीत, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातल्या शब्दांवरचं.

आता या यादीच्या शेजारी हे ठेवून बघा. याच काळात कित्येक वर्षं मॅकमिलन ग्लासगोच्या मेरीहिल भागातल्या सेंट कोलंबा चर्चचं छोटं कॉयर चालवत होते. तिथे गाणारे सगळे नोटेशन वाचणारे नव्हते. त्यांच्यासाठी आणि समोरच्या भाविकांसाठी ते दर रविवारच्या प्रतिसाद स्तोत्राची नवी चाल लिहायचे. अट अशी की लोकांनी एकदा ऐकून लगेच उचलली पाहिजे. तुम्हीही चाली बांधता, म्हणून ही अट किती अवघड आहे ते तुम्हाला सांगायला नको. आणि यात पैसा नाही. चर्चच्या उपासनेत गायलेल्या संगीताचं स्वामित्वधन पीआरएस मागत नाही. २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट ब्रिटनला आले तेव्हा ग्लासगोच्या बेलाहाउस्टन पार्कमध्ये आणि बर्मिंगहॅमच्या कॉफ्टन पार्कमध्ये हजारो लोकांनी जी मिस्सा गायली, ती याच सरावातून आलेली.

हीच गोष्ट कमनॉकची. खाणी बंद पडल्या, गाव ओसरलं. २०१४ मध्ये मॅकमिलन यांनी तिथे महोत्सव सुरू केला. नाव ठेवलं 'द कमनॉक ट्रिस्ट', साउटरच्या त्या कवितेवरून. स्कॉट्समध्ये ट्रिस्ट म्हणजे ठरवून भेटण्याची जागा, आणि जुन्या काळी गुरांचा बाजारही. एकाच कार्यक्रमात जगातली नावाजलेली कॉयर येतात आणि गावातल्या शाळेची मुलं, स्थानिक ब्रास बँड, गावकऱ्यांचं खास जमवलेलं कॉयरही. एका वर्षी मी गेलो होतो. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसलेले आजोबा मध्यंतरात म्हणाले, 'जिमीला मी लहानपणापासून ओळखतो. तेव्हाही असाच होता.' खरंखोटं देव जाणे. गावात प्रत्येक जण हेच सांगतो.

म्हणून तुम्ही गाउडीपासून सुरुवात करू नका. तुम्ही कॉयरचे आहात, कॉयरच्या दारानं आत जा. आधी 'ओ रेडियंट डॉन'. २००७ मधलं, 'स्ट्रॅथक्लाइड मोटेट्स' या मालिकेतलं, विद्यापीठाच्या कॉयरसाठी लिहिलेलं. २१ डिसेंबरच्या संध्याप्रार्थनेतले शब्द, चार आवाज, सगळे एकत्र चालणारे, टॅलिसच्या सोळाव्या शतकातल्या संगीताची सावली. मग 'मिझरेरे', २००९ मधलं, बाराएक मिनिटांचं. ते ई मायनर या उदास छटेच्या पट्टीत सुरू होऊन ई मेजर या उजळ पट्टीत संपतं आणि त्या शेवटापर्यंत पोचायला लागणारा वेळ फुकट जात नाही. नंतर 'सेव्हन लास्ट वर्ड्स', शक्यतो गुड फ्रायडेला, एकट्यानं. मग 'वेनी, वेनी', आणि ते पाहायला मिळालं तर ऐकण्यापेक्षा पाहाच. गाउडी सगळ्यात शेवटी. तोवर कोलाहलाखालची चाल ओळखायला कान तयार झालेला असेल.

आणि यंदाच्या आगमनकाळात 'ओ रेडियंट डॉन' तुमच्या कॉयरकडून बसवून बघा. प्रती विकत घ्या, झेरॉक्स काढू नका. पहिल्या तालमीत शब्द नुसते वाचा, सगळ्यांनी एका श्वासात. 'ये, ये' अशी हाक येते तिथे सूर एकमेकांना घासतात, आणि आपल्याकडचे गायक घाबरून तिथे आवाज काढून घेतात. तिथे आवाज वाढवायचा आहे. टेनर आणि बास आधी वेगळे बसवा, पट्टी उतरायला लागली तर दोष बहुधा तिथेच असतो. ऑर्गनवरून फक्त पहिला सूर द्या आणि हात मांडीवर ठेवा. तुमच्या हाताला राहवणार नाही, पण ठेवा.